पिस्तूल, भीती आणि पहिले शील



विहारात आपण पंचशील ग्रहण करतो. त्यातले पहिले शील प्राणिहिंसेपासून अलिप्त राहण्याचे आहे. ते उच्चारताना आपल्या मनात बहुधा कोंबडे-बकरे, देवीपुढचा बळी, फार तर हाणामारी येते. पिस्तूल येत नाही. ज्या समाजाच्या हाती शतकानुशतके धड काठीही राहू दिली गेली नाही, त्याला हा प्रश्न अनाठायी वाटणे साहजिक आहे.

पण काळ बदलला आहे. आपली मुले शिकली, परदेशी गेली. अमेरिकेत तर अनेक कुटुंबे स्थायिक झाली आहेत. त्या देशात प्रौढ नागरिक दुकानात जाऊन पिस्तूल विकत घेऊ शकतो, सुटीच्या दिवशी चांदमारीच्या मैदानावर जाऊन शंभर-दोनशे काडतुसे उडवू शकतो आणि संध्याकाळी ते पिस्तूल घरच्या कपाटात ठेवू शकतो. तेथील अनेक राज्यांत यात काही वावगे मानले जात नाही. अशा ठिकाणी आपल्या एखाद्या तरुणाने मित्रांच्या संगतीने एक लहानसे, लष्कराने मोडीत काढलेले पिस्तूल घेतले आणि विचारले, "मी कोणाला मारीत नाही, कागदावर नेम धरतो. माझे शील कोठे भंगले?" तर त्याला काय उत्तर द्यावे? "छे छे, पाप!" असे म्हणून त्याचे तोंड बंद करणे ही आपली रीत नव्हे. धम्म विचार करायला सांगतो. म्हणून आपण विचार करू.

प्रथम ही वस्तू काय आहे ते समजून घेऊ. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत लष्कराला जुन्या तोकारेव्ह पिस्तुलाच्या जागी लहान आणि सोपे पिस्तूल हवे होते. निकोलाय मकारोव्ह या अभियंत्याने केलेली रचना १९५१ साली स्वीकारली गेली. हे मकारोव्ह पिस्तूल तळहाताहून फार मोठे नाही. लांबी सुमारे १६१ मिलिमीटर, वजन पाऊण किलोच्या आत, मॅगझिनमध्ये आठ काडतुसे. पोलंडने १९६०च्या दशकात पी-६४ नावाचे याहूनही लहान, सहा काडतुसांचे पिस्तूल आपल्या लष्कराला दिले. चेकोस्लोव्हाकियाने १९८०च्या दशकात बारा काडतुसांचे सीझेड-८२ काढले. पूर्व युरोपातील राजवटी कोसळल्या, सैन्ये कमी झाली, नवी हत्यारे आली, आणि ही लाखो पिस्तुले कोठारांत पडून राहिली. मग ती व्यापाऱ्यांनी घाऊक भावाने उचलली आणि अमेरिकेच्या बाजारात आणली. दोनशे डॉलरांच्या आसपास ती मिळत असत. जुन्या लष्करी हत्यारांचा संग्रह करणाऱ्यांसाठी तेथे निराळा परवानाही आहे. पन्नास वर्षे जुनी झालेली किंवा सरकारी यादीत नोंदलेली हत्यारे त्या परवान्यावर घेता येतात.

अशा पिस्तुलाने नेम साधणे सोपे नसते. नळी आखूड, म्हणून पुढची माशी आणि मागची खाच यांत अंतर थोडे. हात केसभर हलला तरी गोळी वीतभर बाजूला जाते. सगळे अंग पोलादाचे आणि आकार लहान, त्यामुळे धक्का थेट तळहातात बसतो. पी-६४चा चाप पहिल्या गोळीला इतका जड लागतो की नवख्याचे बोट थरथरते. श्वास धरावा लागतो, खांदे सैल सोडावे लागतात, चाप झटक्याने न ओढता हळूहळू दाबावा लागतो. मन भलतीकडे गेले की गोळीही भलतीकडे जाते. ज्याला हे जमते त्याला आनंद होतो, आणि तो आनंद खोटा नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबत हिने २०१८ सालच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळविले, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने तिचे कौतुक केले, आणि ते योग्यच केले. नेमबाजी ही विद्या आहे. कागदावर गोळी मारण्यात कोणाचाही प्राण जात नाही. म्हणून आपल्या तरुणाचा पहिला मुद्दा आपण मोकळ्या मनाने मान्य केला पाहिजे. केवळ चाप दाबल्याने शील भंगत नाही.

कोणी याच्या पुढे जाऊन म्हणतात की, नेमबाजीत श्वासावर लक्ष असते, चित्त एकाग्र होते, म्हणजे ते ध्यानच झाले. येथे मात्र थांबले पाहिजे. एकाग्रता पारध्याचीही होते. पाण्यात एका पायावर उभ्या असलेल्या बगळ्याचीही होते. तथागतांनी अष्टांगिक मार्गात नुसती समाधी सांगितली नाही, सम्यक समाधी सांगितली. चित्त किती स्थिर झाले एवढेच पाहायचे नसते, ते कशासाठी स्थिर झाले हेही पाहायचे असते.

आता खरा प्रश्न येतो. खेळाडूचे पिस्तूल खेळासाठी घडवलेले असते. त्याची मूठ, वजन, चाप सारे लक्ष्यासाठी असते. मकारोव्ह किंवा पी-६४ कागदासाठी घडवलेले नाही. ते जवळ उभ्या असलेल्या माणसासाठी घडवले आहे. ते लहान आहे ते कमरेला, खिशात, कोटाखाली सहज राहावे म्हणून. अमेरिकन सरकारलाही हे ठाऊक आहे. १९६८च्या कायद्यानंतर बाहेरून येणाऱ्या पिस्तुलांना आकारमान, वजन इत्यादींवरून गुण देण्याची पद्धत तेथे सुरू झाली. त्या मोजमापात जर्मनीचे वाल्थर पीपीके फार लहान ठरले, म्हणून कंपनीने त्याला मोठी चौकट बसवून निराळा नमुना काढला. लपवता येण्याजोगे पिस्तूल म्हणजे खेळाची वस्तू नव्हे, असा त्यामागचा हिशेब होता.

आपल्या समाजात निवृत्त सैनिक पुष्कळ आहेत. १९४१ साली बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली, त्याआधीही आपले पूर्वज लष्करात लढले. या निवृत्त सैनिकांना विचारा. लष्करात हत्यार जवानाचे नसते. ते कोतमध्ये असते. सही करून घ्यायचे, सही करून परत करायचे. चांदमारीला किती गोळ्या दिल्या ते लिहायचे, आणि संपल्यावर रिकामे खोके वाकून वाकून वेचून मोजून द्यायचे. एक खोका कमी पडला तरी साऱ्या तुकडीला मैदान धुंडाळावे लागते. हुकमाशिवाय गोळी झाडली तर जाब द्यावा लागतो. हत्याराभोवती असा नियमांचा कोट असतो, आणि त्या कोटामुळेच ते सैनिकाच्या हाती सोपवले जाते.

लष्कर जेव्हा एखादे पिस्तूल मोडीत काढते तेव्हा बाजारात काय येते? पोलाद येते, नळी येते, चाप येतो. कोत येत नाही. नोंदवही येत नाही. हुकूम देणारा आणि जाब विचारणारा अधिकारी येत नाही. ज्या शिस्तीमुळे ते हत्यार सुसह्य होते ती शिस्त कोठारातच राहते आणि फक्त हत्यार बाहेर पडते. खाजगी कपाटातल्या पिस्तुलाचा वरिष्ठ अधिकारी त्याच्या मालकाचा त्या दिवसाचा राग, त्या रात्रीची दारू, त्या क्षणाची भीती हाच असतो.

याचा दाखला आपल्या इतिहासात आहे. ३० जानेवारी १९४८ रोजी नथुराम गोडसे याने दिल्लीत गांधीजींवर तीन गोळ्या झाडल्या. ते पिस्तूल होते बेरेटा, १९३४चा नमुना. इटलीच्या लष्करासाठी बनवलेले, खिशात मावणारे. ग्वाल्हेरहून ते मिळवले गेले होते. त्याच इटलीच्या लष्कराने टाकून दिलेली एक रायफल १९६३ साली अमेरिकेत एका माणसाने टपालाने मागवली. दुर्बिणीसह तिची किंमत १९ डॉलर ९५ सेंट होती. नोव्हेंबर महिन्यात तिच्यानेच राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा वध झाला. दोन्ही हत्यारे एका राष्ट्राने आपल्या सैनिकांसाठी घडवली होती. जेव्हा ती सैनिकांच्या हातून सुटली तेव्हा ती कोणाच्या हाती जातील हे ते राष्ट्र ठरवू शकले नाही.

बाबासाहेबांचे गांधीजींशी मतभेद जगजाहीर आहेत. ते त्यांनी गोलमेज परिषदेत मांडले, ग्रंथांत मांडले, सभांतून मांडले. लेखणी आणि वाणी याखेरीज तिसरे हत्यार त्यांनी वापरले नाही. गोडसेच्या तीन गोळ्यांनी एकही प्रश्न सुटला नाही. उलट त्यानंतर महाराष्ट्रात अनेक निरपराध ब्राह्मण कुटुंबांची घरे जळाली. पिस्तुलाची गोळी नेम धरलेल्या ठिकाणी थांबत नाही, ती पुढे समाजात शिरते.

आता कोणी म्हणेल, "हे सारे खुन्यांचे झाले. आम्ही तर स्वसंरक्षणासाठी म्हणतो. गरिबाने, दलिताने, परक्या देशात राहणाऱ्या काळ्या-सावळ्या माणसाने स्वतःचे रक्षण करू नये काय?" हा प्रश्न गंभीर आहे. त्याला टाळणे म्हणजे ढोंग होईल.

बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेचा विचार करताना एक मोलाचा भेद सांगितला आहे. मारण्याची इच्छा निराळी आणि मारण्याची गरज निराळी. तथागतांचा विरोध इच्छेला आहे. अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळेपणाने पाळावयाचा नियम नव्हे. तत्त्व माणसाला विचार करायला मोकळे ठेवते, नियम त्याला बांधून टाकतो. 'बुद्ध की कार्ल मार्क्स' या निबंधात त्यांनी वैशालीच्या सेनापतीचा प्रसंगही दिला आहे. न्यायासाठी आणि सुरक्षिततेसाठी लढणाऱ्याला तथागत दोष देत नाहीत, पण शांततेचे सारे उपाय आधी थकलेले असले पाहिजेत आणि लढणाऱ्याच्या मनात द्वेष वा स्वार्थ नसला पाहिजे. आपला कायदाही हेच मानतो. पूर्वी भारतीय दंड संहितेत होता तो स्वसंरक्षणाचा हक्क आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. तेव्हा अन्यायापुढे मान तुकवा असे धम्म सांगत नाही. तसे कोणी सांगत असेल तर त्याला बाबासाहेब कळले नाहीत.

परंतु इच्छा आणि गरज यांचा भेद करताना फसवणूक कोठे होते ते ओळखले पाहिजे. गरज आधी सिद्ध व्हावी आणि हत्यार मागून यावे, हा सरळ क्रम आहे. घरात पिस्तूल आले की क्रम उलटतो. हत्यार आधी येते आणि मन त्याच्यासाठी गरज शोधू लागते. रात्री दाराशी खुट्ट झाले तर पूर्वी आपण "कोण आहे?" असे विचारीत होतो. पिस्तूल असलेला माणूस आधी उशाशी हात घालतो. शेजाऱ्याशी भांडण झाले तर पूर्वी दोन शब्द बोलून आपण घरात येत होतो, आता कपाटातली वस्तू आठवते. इच्छा गरजेचे कपडे घालून येते, आणि ज्याच्या हातात हत्यार आहे त्याला ते वेषांतर ओळखू येत नाही.

सुत्तनिपातातील अत्तदंड सुत्ताचा आशय हाच आहे. दंड हाती घेतल्याने भय उत्पन्न होते, असे तथागत तेथे सांगतात. आपण समजतो की भय होते म्हणून हत्यार घेतले. भगवान सांगतात की हत्यार घेतले म्हणून भय वाढले. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय लढायला निघाले तेव्हा सिद्धार्थाने संघात युद्धाला विरोध केला आणि त्यासाठी गृहत्याग पत्करला, असे बाबासाहेबांनी लिहिले आहे. तो क्षत्रियाचा मुलगा होता, शस्त्रविद्या शिकलेला होता. हात दुबळे होते म्हणून त्याने शस्त्र नाकारले नाही.

हा अनुभव आपल्या काळातील एका थोर पुरुषानेही घेतला. अमेरिकेतील मॉन्टगोमेरी शहरात काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार घातला होता. त्याचे पुढारी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर ३० जानेवारी १९५६ रोजी बॉम्ब टाकण्यात आला. पत्नी आणि तान्ही मुलगी घरात होती. त्यांना पिस्तुलाची गरज नव्हती असे कोण म्हणेल? त्यांनी परवान्यासाठी अर्ज केला आणि तो नाकारला गेला. घरात मात्र हत्यार होते. पुढे पती-पत्नींनी विचार करून ते काढून टाकले. त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे की हत्यार घरात असताना आपण अधिक भ्यालेले होतो, ते गेल्यावर मृत्यूच्या प्रश्नाला सरळ सामोरे जाता आले. पण त्यांनी घर वाऱ्यावर सोडले नाही. घराभोवती मोठे दिवे लावले आणि रात्रंदिवस बिनहत्यारी पहारेकरी नेमले. शेवटी १९६८ साली त्यांचा खून झालाच, हेही खरे आहे. पण ती गोळी दुरून रायफलीने आली. खिशातल्या पिस्तुलाने ती अडवता आली नसती.

त्याच अमेरिकेतील काळ्या तरुणांनी १९६६ साली ब्लॅक पँथर पक्ष काढला आणि उघडपणे बंदुका घेऊन पोलिसांवर नजर ठेवली. त्यांच्या संतापाचे कारण खरे होते. आपल्याकडे १९७२ साली मुंबईत दलित पँथर निघाली ती त्यांचेच नाव घेऊन. पण आपल्या पँथरांनी नाव घेतले, बंदूक घेतली नाही. त्यांनी कविता लिहिल्या, मोर्चे काढले, अत्याचार झालेल्या गावात जाऊन उभे राहिले. सत्तेला त्यांची दखल घ्यावी लागली ती त्यामुळेच.

अत्याचाराच्या बाबतीत आपल्या कायद्याने काय सांगितले आहे तेही वाचण्यासारखे आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील १९९५ सालच्या नियमांत तिसरा नियम आहे. अत्याचारप्रवण भागात सरकारने आवश्यक वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींबाहेरील लोकांचे शस्त्रपरवाने रद्द करून ती हत्यारे सरकारी शस्त्रागारात जमा करावीत, बेकायदा हत्यारे जप्त करावीत, आणि आवश्यक वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना परवाने द्यावेत, असे तो सांगतो. क्रम पाहा. आधी जुलूम करणाऱ्याच्या हातातले हत्यार काढा. पीडिताच्या हाती हत्यार हा शेवटचा उपाय. आपल्या कार्यकर्त्यांनी या नियमाच्या पहिल्या भागाचा आग्रह तालुक्या-तालुक्यात धरला तर शंभर पिस्तुलांनी होणार नाही इतके रक्षण होईल.

आणखी एक गोष्ट आई-बापांनी विशेष लक्षात ठेवावी. अमेरिकेत २०२१ साली बंदूक-पिस्तुलाने ४८,८३० माणसे मेली. त्यांतील २६,३२८ माणसांनी आत्महत्या केली होती, म्हणजे निम्म्याहून अधिक. चोर-दरोडेखोरासाठी आणलेले हत्यार बहुतेक वेळा घरच्याच माणसावर चालले. कॅलिफोर्नियातील लक्षावधी लोकांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. स्वतःचे पिस्तूल असलेल्या पुरुषांत बंदुकीने आत्महत्या करण्याचे प्रमाण पिस्तूल नसलेल्यांच्या आठपट आढळले. कारण उघड आहे. दुःखाची लाट येते आणि ओसरते. परक्या देशात नोकरी गेली, परीक्षेत अपयश आले, घरात भांडण झाले, तरी ती रात्र निभावली की माणूस वाचतो. पिस्तूल ती रात्र निभावू देत नाही. पहिले शील दुसऱ्याच्या प्राणापुरतेच आहे असे मानणाऱ्यांनी यावर विचार करावा. स्वतःचा आणि आपल्या लेकराचा प्राण हाही प्राणच आहे.

मग आपल्या तरुणाला काय सांगावे?

नेमबाजी शिकायची असेल तर खेळ म्हणून, संस्थेत, शिक्षकाच्या देखरेखीखाली शिक. हत्यार तेथेच राहू दे. मैदानाला स्वतःची शिस्त असते. प्रत्येक हत्यार भरलेलेच आहे असे समजायचे, नळी भलतीकडे रोखायची नाही, लक्ष्यावर नेम धरेपर्यंत बोट चापावर न्यायचे नाही, लक्ष्याच्या पलीकडे काय आहे ते पाहायचे. ही शिस्त म्हणजे लष्कराच्या कोतचाच धाकटा भाऊ होय. ती मैदानावरच सोडून नुसते पिस्तूल घरी आणू नकोस. आधीच घेतले असशील आणि सोडवत नसेल, तर निदान रिकामे करून कुलपात ठेव, काडतुसे निराळ्या कुलपात ठेव, घरात कोणी खचलेले असेल त्या दिवशी ते घराबाहेर सुरक्षित जागी पोचव. पाचवे शील मोडणाऱ्याच्या हाती पहिले शील सुरक्षित राहत नाही, म्हणून मद्य असलेल्या घरात हत्यार मुळीच नको. आणि त्याचा व्यापार कधीही करू नकोस. उपासकाने शस्त्रांचा विक्रय करू नये असे तथागतांनी स्पष्ट सांगितले आहे.

भारतात राहणाऱ्यांना हा मोह कमी आहे. १९५९चा शस्त्र अधिनियम कडक आहे, आणि ९ मिलिमीटरचे लष्करी पिस्तूल साध्या परवान्यावर मिळत नाही. पण मोह निराळ्या रूपाने येतो. लग्नाच्या वरातीत हवेत गोळीबार, मोबाइलवर कट्टा हातात धरून काढलेले फोटो, बेकायदा हत्याराचा रुबाब, हे वेड आपल्याही वस्त्यांत शिरू पाहत आहे. ज्यांनी आपल्याला तुडवले त्यांचा मोठेपणा त्यांच्या हत्यारात होता असे समजून आपण ते हत्यार उचलले, तर आपण त्यांचे गुलामच राहिलो. नुसती गुलामीची तऱ्हा बदलली.

नव्याने दीक्षा घेतलेल्या कुटुंबांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. आपल्याभोवती दसऱ्याला शस्त्रपूजा होते. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा घेतली तोही विजयादशमीचाच दिवस होता. पण ती अशोक विजयादशमी. कलिंगच्या रणांगणावरचे प्रेतांचे ढीग पाहून ज्या सम्राटाने शस्त्राचा विजय सोडला आणि धम्माचा विजय स्वीकारला, त्याची ती आठवण. अशोकाजवळ शस्त्रे कमी नव्हती. त्या दिवशी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतील तेरावी प्रतिज्ञा सर्व प्राणिमात्रांवर दया करून त्यांचे पालन करण्याची आहे. ती प्रतिज्ञा घेतलेल्या घरात मुलाने कपाट उघडले तर त्याच्या हाताला काय लागावे, हे ठरविण्याचा अधिकार आणि जबाबदारी आई-बापांची आहे.

पुस्तक लागावे. घटनेची प्रत लागावी. संकटाच्या वेळी ज्यांना हाक मारायची त्या शेजाऱ्यांची, वकिलाची, कार्यकर्त्यांची नावे लिहिलेली वही लागावी. असे घर बिनहत्यारी असेल, पण असहाय असणार नाही.

भवतु सब्ब मंगलं.